फूड बँकेला काय नको असते

लग्नसराईत रात्री साडेअकरानंतर येणारे फोन बहुधा एकाच प्रकारचे असतात. पलीकडून वधूपक्षाचे कोणी काका अत्यंत सद्भावनेने सांगतात की दीडशे माणसांचे जेवण उरले आहे, पनीर आहे, पुलाव आहे, लगेच गाडी पाठवा. आम्ही विचारतो की पुलाव किती वाजता शिजला, आणि तिथे पलीकडचा उत्साह ओसरू लागतो. सात वाजता उतरवलेला भात तेव्हापासून उघड्या पातेल्यात असेल, तर तो आम्ही घेत नाही. काकांना राग येतो, आणि तो मला समजतोही. एवढे अन्न डोळ्यांदेखत फेकून द्यायचे कोणालाच बरे वाटत नाही. पण भातात राहणाऱ्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि कोमट भातात ते काही तासांत वाढून असे विष तयार करतात की जे पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. हॉलमध्ये जेवून ज्याचे पोट बिघडेल त्याच्याकडे डॉक्टरची फी असते. ज्याला आपण ते अन्न नेऊन देणार, त्याचा दुसऱ्या दिवशीचा रोज बुडतो.

भांडुपच्या एका औद्योगिक वसाहतीतील गाळ्यात चालणाऱ्या फूड बँकेत मी निवृत्तीनंतर साठ्याचे काम पाहते. त्याआधीची सगळी नोकरी औषधांच्या घाऊक वितरणात गेल्यामुळे बॅच नंबर आणि मुदत वाचल्याशिवाय कोणताही खोका पुढे सरकवायचा नाही, ही सवय अंगात मुरलेली होती. येथे ती उपयोगी पडली. फूड बँक म्हणजे अन्न गोळा करण्याची जागा, असा बहुतेकांचा समज असतो आणि माझाही तसाच होता. आता मात्र माझे मत असे झाले आहे की या कामाचे कौशल्य गोळा करण्यात कमी आणि नाकारण्यात व जुळवण्यात अधिक आहे.

ही पद्धत अमेरिकेतील फिनिक्स शहरातून आली. जॉन व्हॅन हेंगल हे गृहस्थ तेथील एका मोफत अन्नछत्रात काम करीत असताना, किराणा दुकानांच्या कचऱ्यातून मुलांसाठी अन्न वेचणाऱ्या एका बाईने त्यांना सुचवले की दुकानदारांनी हे अन्न टाकण्याऐवजी बँकेसारखे एके ठिकाणी जमा करावे आणि गरजवंताने तेथून काढून न्यावे. त्यातून १९६७ मध्ये सेंट मेरीज फूड बँक उभी राहिली. १९८४ मध्ये ती कल्पना पॅरिसला आणि तेथून युरोपभर पोहोचली. आपल्याकडे ती गेल्या दीड दशकातली. तिच्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की फूड बँक सहसा स्वतः कोणाच्या हातात पुडा देत नाही. ती घाऊक जागा आहे. माल कंपन्यांकडून येतो, आणि बालवाड्या, निवारे, वसतिगृहे, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी स्वयंपाक करणारी मंडळे अशा संस्थांकडे जातो. दारात रांग नसते, त्यामुळे पहिल्यांदा भेट देणाऱ्यांची थोडी निराशा होते. त्यांना पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या चौकटीवर, रचलेले खोके, वजनकाटा आणि मालाबरोबर येणाऱ्या चलनांची (पावत्यांची) फाइल एवढेच दिसते.

आता एवढा चांगला माल कंपन्या का देतात, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माल खराब नसतो. तो विकण्याच्या साखळीतून निसटलेला असतो. खोक्याचा एक कोपरा दबला की मोठी दुकाने अख्खा खोका परत पाठवतात. वेष्टनाची रचना बदलली की जुन्या वेष्टनातला साठा मागे राहतो. दिवाळीसाठी बांधलेले भेटीचे डबे भाऊबीज उलटली की कोणी घेत नाही. शिवाय मुदतीचे गणित असते. ऑनलाइन विकलेला खाद्यपदार्थ ग्राहकाच्या हातात पडताना तो टिकण्याच्या एकूण काळाचा किमान ३० टक्के भाग किंवा मुदत संपायला किमान ४५ दिवस शिल्लक असावेत, अशी सूचना भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२४ च्या अखेरीस ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना दिली. ग्राहकाच्या दृष्टीने ती योग्यच आहे. पण मुदत संपायला चाळीस दिवस उरलेला आणि खायला पूर्णपणे चांगला असा माल त्यामुळे विक्रीच्या बाहेर पडतो, आणि अशा मालासाठीच आमच्यासारख्या गोदामांचा उपयोग आहे.

माल आला की पहिले काम वजन आणि नोंद. चलनावरचा आकडा आणि काट्यावरचा आकडा जुळला की बॅचनुसार विभागणी होते, आणि गोदामात आधी आलेला माल आधी बाहेर न काढता ज्याची मुदत आधी संपते तो आधी बाहेर काढला जातो. हे सोपे वाटते, पण एकाच कंपनीच्या एकाच बिस्किटाच्या चार बॅच एका पॅलेटवर आल्या की दोन स्वयंसेवकांचा अख्खा दिवस त्यात जातो. फुटलेली पाकिटे, फुगलेले टेट्रापॅक, गंज चढलेले डबे बाजूला काढावे लागतात. रवा आणि मैदा यांचे पावसाळ्यात फार जपावे लागते. एका पिशवीला जाळी धरली की शेजारच्या दहा पिशव्या संशयित होतात. कोणती बॅच कोणत्या संस्थेला गेली हे लिहून ठेवण्याचा नव्या स्वयंसेवकांना कंटाळा येतो. उद्या एखाद्या कंपनीने एखादी बॅच बाजारातून परत मागवली, तर कोणत्या बालवाडीत फोन करायचा हे त्या वहीशिवाय कळणार नाही, एवढे सांगितले की ते लिहू लागतात.

अतिरिक्त अन्नाचे संकलन आणि वाटप यांसाठी २०१९ मध्ये स्वतंत्र नियमावली आली, तिचाही रोख असाच आहे. अन्न कोणाकडून आले, केव्हा तयार झाले, केव्हापर्यंत खाता येईल, शाकाहारी की मांसाहारी, हे सारे नोंदलेले असावे आणि मुदत संपलेले काहीही वाटले जाऊ नये. ही नियमावली जाचक आहे अशी तक्रार मी ऐकली आहे. मला ती तशी वाटत नाही. फुकट मिळणाऱ्या अन्नाला विकतच्या अन्नापेक्षा कमी कसोटी लावावी, या विचारातच काहीतरी चुकते आहे.

नाकारण्याची यादी मात्र नियमावलीपेक्षा लांब आहे. बाळांच्या दुधाची पावडर आणि दोन वर्षांखालील मुलांसाठीचा डबाबंद आहार आम्ही घेत नाही, कारण १९९२ च्या कायद्याने अशा वस्तूंच्या देणगीला आणि मोफत वाटपाला मनाई आहे. अनाथालयांचा तेवढा अपवाद आहे. देणाऱ्याला हे ठाऊक नसते आणि तो दुखावतो. पण फुकटच्या डब्यामुळे आईचे दूध कमी होऊ लागले आणि डबा संपल्यावर तिने पाण्यासारखी पातळ पावडर पाजली, तर त्या बाळाचे काय होईल याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला होता. एकदा टेम्पोभर एनर्जी ड्रिंक आले, ते परत पाठवले. महाशिवरात्र झाली की राजगिऱ्याचे लाडू आणि साबुदाण्याचे पापड येतात. ते घेतो, पण मोजून. मुदत संपायला आठवडा उरलेला माल घ्यायचा की नाही हे त्या आठवड्यात किती गाड्या कोणत्या बाजूला जाणार आहेत यावर ठरते. मुदत आमच्या गोदामात संपली, तर कंपनीच्या कचऱ्याचा भार आमच्या खर्चाने उचलल्यासारखे होते, आणि काही कंपन्यांचा हिशेब नेमका तसाच असतो, असे मला अधूनमधून वाटते.

शिजवलेल्या अन्नाची शिस्त पूर्ण वेगळी आहे, आणि ते काम आमच्यापेक्षा अधिक चांगले करणाऱ्या संस्था मुंबईत आहेत. डबेवाल्यांनी २०१५ मध्ये रोटी बँक सुरू केली. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनीही पुढे रोटी बँक याच नावाने मोठे काम उभे केले. २०१४ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या रॉबिन हूड आर्मीचे स्वयंसेवक येथेही वाटप करतात. शिजलेले अन्न ६० अंशांच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली राहिले पाहिजे, आणि मधल्या तापमानात ते जितका वेळ राहील तितका धोका वाढत जातो, हे एकदा लक्षात घेतले की या शहरात ते काम किती अवघड आहे हे कळते. अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर संध्याकाळी सात वाजता गाडी अडकली, की डब्यातल्या वरणाचे तापमान उतरत राहते. म्हणून शहाण्या संस्था लग्नाच्या हॉलपेक्षा कार्यालयांच्या उपाहारगृहांशी बोलणी करतात. तेथे दुपारी अडीच वाजता किती उरले हे रोज कळते, वाढणाऱ्याचा हात न लागलेली पातेली वेगळी ठेवता येतात, आणि गाडीची वेळ पक्की असते.

जुळवण्याविषयी आता थोडे विस्ताराने सांगते, कारण बाहेरच्या माणसाला ते काम दिसतच नाही. परळला टाटा, केईएम आणि वाडिया या रुग्णालयांच्या आसपास बाहेरगावच्या रुग्णांचे नातेवाईक पदपथावर राहतात. कोणाला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते. बाकीच्यांना मिळत नाही. त्यांना पाच किलो तांदूळ देऊन काही उपयोग नाही, कारण त्यांच्याकडे चूल नाही, भांडे नाही आणि पाणीही मागून आणावे लागते. त्यांना तयार जेवण हवे, नाहीतर निदान असा पदार्थ हवा की जो फोडून तसाच खाता येतो. याउलट गोवंडी-मानखुर्दच्या वस्तीत घरी शेगडी असते, पण सिलिंडर महिनाभर पुरवायचा असतो, म्हणून राजमा-छोले यांसारखी तासभर शिजणारी कडधान्ये पडून राहतात आणि मसूर लगेच संपते. हे आम्हाला कोणत्या पाहणीतून कळले नाही. मानखुर्दला बालवाडी चालवणाऱ्या ताईंनी फोनवर स्पष्ट सांगितले, “मॅडम, बिस्किटांवर मुले किती दिवस काढणार? डाळ असेल तर गाडी पाठवा, नाहीतर राहू द्या.” तेव्हापासून संस्थांनी मागणी आधी कळवायची आणि आम्ही त्याप्रमाणे भरायचे, असा क्रम लागला. नको असलेली वस्तू नाकारण्याचा अधिकार जसा आम्हाला आहे तसा त्यांनाही असलाच पाहिजे. हे मान्य करायला काही देणगीदारांना जड जाते.

एम पूर्व प्रभागाचे, म्हणजे गोवंडी, मानखुर्द, देवनार या भागाचे, नाव या शहरातील भुकेच्या चर्चेत वारंवार येते, आणि त्याला कारण आहे. मुंबई महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात २४ प्रभागांमध्ये त्याचा निर्देशांक सर्वांत कमी, म्हणजे एकपैकी ०.०५ होता. १९२७ पासून शहराचा कचरा देवनारला जातो, आणि त्याच कचऱ्याच्या आधारावर जगणारी माणसे त्याच्या कडेला राहतात. तेथे रमजानच्या महिन्यात गाडी दुपारी पाठवून चालत नाही, आणि पाकिटात जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेला पदार्थ) असलेले काही असेल तर ते आधी सांगावे लागते. असे तपशील यादीत लिहून होत नाहीत. ते त्या रस्त्यावर रोज जाणाऱ्या टेम्पोचालकाला ठाऊक असतात, आणि आमच्या गोदामात त्याच्या शब्दाला माझ्या तक्त्यापेक्षा जास्त वजन आहे.

सगळ्यांत अवघड जुळवणी दिनदर्शिकेची आहे. दान देण्याची मुंबईची इच्छा पितृपक्षात, दिवाळीत आणि घरातल्या वाढदिवसांना उसळते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाळ्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. भुकेचे महिने मात्र वेगळे आहेत. मे महिन्यात शाळांना सुट्टी लागते, त्याबरोबर पोषण आहाराचे जेवण थांबते, आणि दुपारी शाळेत जेवणारी मुले दुपारी घरी असतात. नेमके त्याच वेळी स्वयंसेवक आणि देणगीदार गावी गेलेले असतात. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागला की बांधकामे थंडावतात आणि नाक्यावर उभ्या राहणाऱ्या कामगारांना आठवड्यातून दोन-तीन दिवसही काम मिळत नाही. दिवाळीची मिठाई जुलैपर्यंत टिकणार नाही. म्हणून दिवाळीत जमलेल्या पैशांतून आम्ही एप्रिलमध्ये डाळ आणि तेल विकत घेतो. फूड बँकेने विकत घ्यायचे असेल तर ती फूड बँक कसली, असा प्रश्न एका विश्वस्तांनी विचारला होता. जुलैत नाक्यावर कोणी मिठाई मागत नाही, डाळच मागतात, एवढेच उत्तर माझ्याकडे होते.

हे सारे सांगताना प्रमाणाचे भान सुटता कामा नये. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्याखाली प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब गटातल्या, कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. मुंबईतल्या सगळ्या फूड बँका एकत्र केल्या तरी रेशनच्या एका महिन्याच्या वाटपाशी त्यांची तुलना होणार नाही, आणि कोणी ती करूही नये. प्रश्न रेशनच्या कडेला उभ्या असलेल्यांचा आहे. या कायद्यासाठी राज्याने शहरी कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा ५९,००० रुपये ठरवली, म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी. चार घरची धुणीभांडी करणारी बाई ती मर्यादा सहज ओलांडते आणि तरीही महिनाअखेरीला तिच्या डब्यात डाळ नसते. या धान्यासाठी केंद्राने महाराष्ट्राच्या शहरी लोकसंख्येचा जो वाटा ठरवून दिला तो ४५.३४ टक्के, आणि त्यात घाटकोपरचे कुटुंब आणि लातूरचे कुटुंब एकाच मापाने मोजले जाते. २०१९ पासून एका राज्याचे कार्ड दुसऱ्या राज्यात चालू लागले हे चांगलेच झाले, पण कार्ड गावी सासूच्या ताब्यात असते तेव्हा काय करायचे, याचे उत्तर त्या योजनेत नाही.

शिवाय रेशन म्हणजे मुख्यतः तांदूळ आणि गहू. राज्याने सणावारी ‘आनंदाचा शिधा’ दिला. २०२२ च्या दिवाळीत त्यात १०० रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि तेल होते. २६ जानेवारी २०२० पासून १० रुपयांची शिवभोजन थाळी आली, तीत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात असे. मला ती कल्पना फूड बँकेपेक्षा अधिक प्रतिष्ठेची वाटते, कारण तेथे माणूस पैसे देऊन जेवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली, आणि १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. हे आकडे केवळ धान्याने हलणार नाहीत. त्यासाठी डाळ, अंडी, दूध, भाजी लागते, आणि त्यातले डाळ सोडून बाकी सगळे नाशवंत. शीतगृह नसलेल्या गोदामाला दूध आणि अंडी नाकारावीच लागतात, आणि या नाकारण्याचे मला मनापासून वाईट वाटते.

पैशाचे थोडक्यात सांगते. गाळ्याचे भाडे, टेम्पोचे डिझेल, चालक आणि हमाल यांचा पगार हा खरा खर्च आहे, आणि नेमका तोच द्यायला कोणी तयार नसते. देणगीदाराला आयकराच्या ८०जी कलमाखाली मिळणारी सवलत रोख रकमेच्या बाबतीतही मर्यादित आहे, आणि वस्तूंच्या देणगीला ती मिळतच नाही. कंपनीने माल नष्ट केला काय किंवा फुकट दिला काय, जीएसटीत इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) दोन्ही वेळा सोडावे लागते. म्हणजे जाळण्यापेक्षा देण्याचा करात काहीच फायदा नाही, उलट देण्यासाठी गाडी आणि कागदपत्रे लागतात. कंपनी कायद्याने सामाजिक दायित्वाच्या विषयांत भूकनिर्मूलन पहिल्याच ओळीत घातले आहे, त्यातून काही रक्कम येते, पण तिच्याबरोबर फलक आणि छायाचित्रांची अटही येते. बालवाडीतल्या मुलाच्या हातात पुडा देताना फोटो काढू देणार नाही, अशी अट आम्हीही घातली आहे. त्यामुळे काही देणग्या गेल्या.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले ६० टक्के घरांमधून गेले. कोणतीही फूड बँक आपल्या फ्रिजपर्यंत येऊ शकत नाही, त्यामुळे तो भाग ज्याचा त्यानेच पाहायचा आहे. परंतु अनेक गृहसंस्था गणपतीच्या सुमारास धान्य गोळा करून आम्हाला कळवतात, त्यांना माझी विनंती आहे. घराघरांतून अर्धा किलो हे आणि पाव किलो ते असे मागू नये. सुट्या पिशव्यांतल्या मिश्र धान्याला ना बॅच असते ना मुदत, आणि ते निवडण्यात आमचे माणूस अडकते. एका इमारतीने फक्त तूरडाळ, दुसरीने फक्त तेल, असे ठरवून कारखान्याच्या बंद पाकिटांतच घ्यावे, मुदत किमान चार महिने पुढची पाहावी, आणि शक्य असेल तर ते सप्टेंबरऐवजी एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात करावे. गाडी आम्ही पाठवू. फक्त चौकीदाराला आदल्या दिवशी सांगून ठेवावे, कारण गेटवर टेम्पो अर्धा तास थांबला की पुढच्या दोन बालवाड्यांची मुले घरी गेलेली असतात.